चिठ्ठीत निघालेल्या बाया

सरांच्या प्रबंधासाठी मी पहिला प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या अंगावर चुलीतलं जळतं लाकूड आलं. प्रश्न साधाच होता: घरात माणसं किती आणि त्यांतली कमावणारी किती. बाई भाकरी थापत होती, तिचा सासरा चुलीशी शेकत बसला होता, आणि लाकूड त्यानं फेकलं. पदराला मुठीएवढं भोक पडलं, बाकी काही झालं नाही. मी पळत सुटले ती थेट कापसाच्या जिनिंगच्या फाटकापर्यंत. तिथं सर उभे होते. मी त्यांना म्हटलं की हे काम मला जमणार नाही, मला माफ करा.

सरांनी आधी पदराकडं बघितलं, भाजलं नाही ना ते विचारलं. मग त्यांनी विचारलं, ‘‘तुम्ही प्रश्न विचारला तेव्हा तिथं तिसरं कोण होतं?’’

सासरा होता, मी म्हटलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

‘‘मग चूक आपली, ताई. तिसरं माणूस बसलेलं असताना प्रश्न विचारायचा नाही. पुस्तकात आहे ते. मी तुम्हाला सांगायला विसरलो.’’

संशोधन कसं करतात याचा तो माझा पहिला धडा. जळक्या लुगड्याचा वास त्याला अजून चिकटलेला आहे.

दिग्रसला मी आले होते ताईच्या बाळंतपणासाठी. आमचं गाव कोकणात, देवगडच्या अंगाला. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझी शाळा पाचवीतच सुटली होती, कारण आई गेली आणि घरात भात शिजवायला दुसरं कोणी नव्हतं. आता मी वीस वर्षांची होते. ताईचं बाळंतपण झालं, बाळ रांगायला लागलं, तरी मला परत न्यायला कोणी आलं नाही. भाऊजी जिनिंगमध्ये फिटर होते. यंत्राचा तुटलेला चामडी पट्टा घरात खुंटीला टांगलेला असे. तो कशासाठी आहे, हे पहिल्याच आठवड्यात ताईच्या पाठीवर कळलं. मी त्या घरात पाऊल न वाजवता चालायला शिकले.

सर नागपूरला एम.कॉम. करत होते. प्रबंधाचा विषय होता, जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बायका बचत कशी करतात. जिनिंगच्या मुनीमजींच्या ओळखीनं त्यांना फाटकाजवळची एक खोली आणि तिच्यापुढचा व्हरांडा मिळाला होता. पण ते बाईशी बोलायला गेले की बाई पदर ओढून पाठ फिरवायची आणि बाहेर तिचा कोणीतरी माणूस उभा राहायचा. म्हणून त्यांना लिहिता-वाचता येणारी बाई हवी होती. भाऊजींनी माझं नाव सुचवलं, पगार घरात येणार म्हणून. सर मला पहिल्या दिवसापासून ‘‘ताई’’ आणि ‘‘तुम्ही’’ म्हणाले. मला त्या आधी कोणीच तुम्ही म्हटलेलं नव्हतं. पुढं जे झालं त्यात मी सरांना सोडून गेले नाही, त्याचं निम्मं कारण एवढंच असेल.

वस्ती जिनिंगच्या मागं होती. लोक सरांना एमकॉमवाले म्हणत. ‘‘एमकॉम म्हंजे कोनत्या खात्याचे?’’ असं त्यांना कोणीही अडवून विचारायचं. दारूबंदी खात्याचे असतील असाच बहुतेकांचा संशय होता. माझ्यावर बायका हसायच्या. मी तोंड उघडलं की एक दुसरीला म्हणे, ‘‘नाकात बोलते माय हे पोरगी.’’ मी ‘‘मले-तुले’’ म्हणायला लागले तेव्हा तर त्यांची हसून मुरकुंडी वळली. पण हसल्या की बोलायच्या.

दुपारी व्हरांड्यात सर मला शिकवत. त्यांच्याकडं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. ते एक परिच्छेद वाचत, डोळे मिटत आणि मराठीत सांगत. प्रश्नातच उत्तर घालायचं नाही. ‘‘तुम्ही काही मागं टाकत नाही ना?’’ असं विचारलं तर बाई नाहीच म्हणणार. प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं, मनात दहा आकडे मोजायचे. बाई बोलली तसंच लिहायचं, शहाणपणा करून सुधारायचं नाही. प्रश्नावलीवर नाव घालायचं नाही, नुसता नंबर. कोणता नंबर कोणाचा, ती वही वेगळी आणि कुलपात.

एकदा मी म्हटलं, सर, तुम्हाला हे सगळं किती येतं. ते हसले. ‘‘मलाही नवीनच आहे, ताई. मी तुमच्या एक पान पुढं आहे, एवढंच.’’

मुख्य काम सुरू करण्याआधी थोड्या बायकांना विचारून प्रश्न तपासून बघायचे असतात. त्या दिवसांत मी पहिल्यांदा वस्तीत नीट बघितलं. एकीचे पुढचे दोन दात नव्हते. एकीच्या दंडावर विळ्याचा वण. एक बाई खाली बसताना एक हात जमिनीला टेकून हळूच बसायची, कारण बरगडी दुखत होती. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकता टाकता असं झालं असेल असं मला वाटलं. यंत्र माणसाला ओढून घेतं ते मी बघितलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर एकीचा पदर पट्ट्यात गेला होता आणि भाऊजींनी पट्टा कापून तिला सोडवलं होतं. पण बायका सांगत, नाही बाई, हे घरचं आहे. आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत.

मी सरांना विचारलं, दात पडला ते कुठं लिहायचं. त्यांनी प्रश्नावली खालपासून वरपर्यंत बघितली. बचतीवर त्यात पंधरा प्रश्न होते. मग त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं ‘शेरा’ लिहिलं होतं. थोड्याच दिवसांत तो रकाना पुरेना आणि मी कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला लागले.

तेव्हाच माझी तिची ओळख झाली. तिला पुढं सतरा नंबर आला, म्हणून मी तिला सतरावी म्हणते. तिसऱ्या रेच्यावर असायची, तिशीची, काटक. डाव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली होती. नवऱ्यानं कानातलं हिसकून घेतलं होतं. नवरा जिनिंगच्या प्रेसवर हमाल होता, रुईच्या गाठी ओढायचा, आणि हमालाचा लोखंडी हूक कामावरून सुटल्यावरही त्याच्या खांद्याला अडकवलेला असे. नऊ वर्षांची एक मुलगी होती.

कामाची पाळी संपल्यावर बायका नळापाशी डोक्यातला कापूस झाडायच्या. तिथं तिनं मला सांगितलं की ती भिशीत आहे.

भिशी चालवायची आमच्या वस्तीतली मावशी. तिच्या घरानं दीक्षा घेतली होती. देव्हारा काढून त्या फळीवर तिनं बुद्धाची तसबीर ठेवली होती आणि तसबिरीशेजारी एक पितळी लोटा. दर रविवारी बायका वंदनेला म्हणून जमायच्या. वंदना व्हायचीच, पण नंतर दार लोटून प्रत्येकीच्या कमरेचे पैसे बाहेर यायचे. ज्यांना पैसे मिळायचे राहिले असतील त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या लोट्यात पडायच्या आणि एखादी लहान पोर हात घालून एक चिठ्ठी काढायची. जिची चिठ्ठी, तिला त्या दिवशीचे सगळे पैसे. पुरुषांना यातलं सांगायचं नाही, हा नियम होता. तरी कानावर गेलंच होतं काहीतरी. मावशीच्या लोट्यातून चिठ्ठी निघाली की पैसे भेटतात, एवढं त्यांना माहीत होतं. कोण भिशीत आहे आणि कोण नाही, ते माहीत नव्हतं.

सतरावीची चिठ्ठी अजून निघाली नव्हती. निघाली की पोरीला घेऊन केळापूरला भावाकडं जायचं, असं तिनं ठरवलं होतं. भावाची बायको म्हणाली होती, ओसरी देतो, पण रिकाम्या हातानं येऊ नको.

‘‘तो एकदा मले मारूनच टाकीन, पाह्य,’’ ती म्हणाली. केसांतला कापूस काढायचा तिनं थांबवला नव्हता. ‘‘मी मेली तं मेली. पोरीले कोन?’’

मी कोणाला सांगणार नाही, असं तिला म्हटलं. आमच्या कागदावर नाव नसतं, तेही सांगितलं.

आता माझी चूक सांगते.

सरांना हजेरीपटातल्या सगळ्या बायकांमधून चाळीस निवडायच्या होत्या. मनानं निवडायच्या नाहीत, कारण माणूस ओळखीच्या, गोड बोलणाऱ्या बायका निवडतो. पुस्तकात सांगितलं होतं, नावांच्या चिठ्ठ्या करा, मिसळा आणि न बघता उचला. सर ते आपल्या खोलीत बसून करणार होते. मी म्हटलं, सर, खोलीत केलं तर लोकांना वाटेल मुनीमजींनी नावं दिली. इथं चिठ्ठीवर सगळ्यांचा विश्वास आहे. पारावर सगळ्यांसमोर काढा. लहान पोरीच्या हातानं. मावशीचा लोटा मी मागून आणते.

सरांना इतका आनंद झाला की ते उभेच राहिले. ‘‘हे पुस्तकात नाही, ताई,’’ ते म्हणाले. मी त्या दिवशी जेवले नाही, इतकं पोट भरलं होतं.

जिनिंगच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, कडुनिंबाच्या पारावर सगळी वस्ती जमली. पुरुष पुढं, बायका मागं. मावशीनं लोटा दिला होता, तो पुसून चकचकीत केला होता. सरांनी छोटं भाषण केलं, त्यात एकदा ‘यादृच्छिक’ असा शब्द होता. कोणालाही काही समजलं नाही. मागून एकानं विचारलं, ‘‘एमकॉमवाले, ज्याची चिठ्ठी निघन त्याले भेटनार काय?’’ लोक हसले. सरही हसले. ते म्हणाले, यात कोणाचाही पक्षपात नाही, आणि ज्यांचं नाव निघेल त्यांचा फायदाच आहे, सगळ्या देशाचा फायदा आहे.

मग वस्तीतल्या एका लहान मुलीनं लोट्यात हात घातला. हजेरीपटात बाईच्या नावापुढं नवऱ्याचं पूर्ण नाव असतं आणि चिठ्ठ्या मी तशाच लिहिल्या होत्या. मी एकेक चिठ्ठी उलगडून मोठ्यानं वाचत होते. ज्याचं नाव येई तो पुरुष मागं वळून बायकांमध्ये आपली बायको शोधी. मला वाटलं, कौतुकानं बघताहेत. सतरावी चिठ्ठी तिची होती. तिचा नवरा पाराला टेकून उभा होता. तो वळलाही नाही, जमिनीकडं बघत राहिला.

चाळीस झाल्यावर सरांनी मुलीला खाऊ दिला आणि आम्ही घरी गेलो.

दिवेलागणीला सुरुवात झाली. पहिला आवाज नळाशेजारच्या घरातून आला. पितळ आपटल्यासारखा, आणि मग बाईचा. मी बाळाला घेऊन दारात उभी होते. मग पलीकडच्या ओळीतून. मग आमच्या मागून. ‘‘चिठ्ठी निघाली ना तुयी? पैसे कुठी हायेत?’’ हे वाक्य मी त्या एका संध्याकाळी इतक्या घरांतून ऐकलं की ते एकाच माणसाचं असावं असं वाटायला लागलं. बायका ओरडून सांगत होत्या की नाही हो, मी भिशीत नाही. त्यांतल्या बऱ्याचजणी खरंच भिशीत नव्हत्या. ताई आतून म्हणाली, दार लाव. मी दार लावलं.

सकाळी जिनिंगच्या फाटकाशी बायका रांगेत उभ्या होत्या. माझ्या हातात यादी होती, पण ती बघायची गरज नव्हती. कोणाची चिठ्ठी निघाली होती, ते तोंडावरून ओळखू येत होतं. सगळ्याच नाहीत. पण निम्म्याहून जास्त. एकीचा डोळा बंद झाला होता. एकीनं हात पदराच्या झोळीत अडकवला होता. एक पोटुशी होती, ती आलीच नाही, आणि पुढं पंधरा दिवसांनी आली तेव्हा पोटुशी नव्हती. सरांनी निवड अगदी काटेकोर केली होती. कोणाचाही पक्षपात झाला नव्हता.

मावशी रांगेतून बाहेर आली. तिची चिठ्ठी निघाली नव्हती आणि तिचा नवरा वारलेला होता. तिनं माझी वेणी धरली आणि मला दोन मुस्कटात दिल्या. मग वेणी सोडली आणि स्वतःच्या तोंडावर एक मारली.

‘‘लोटा मीनंच देल्ला,’’ ती म्हणाली.

मी सरांकडं गेले. सगळं सांगून होईपर्यंत त्यांचा चहा गार झाला. मग म्हणाले, ‘‘पुस्तकात हे नाही.’’ मी म्हटलं, कल्पना माझी होती. ते म्हणाले, ‘‘ठरवलं मी, ताई. तुम्ही फक्त सुचवलं.’’ त्या वाक्याचं ओझं मी अजून वाहते. चांगल्या अर्थानं म्हणते. दुसऱ्या कोणी ते माझ्यावर ढकललं असतं तर मी मान खाली घालून घेतलं असतं.

त्या संध्याकाळपासून सर यादी घेऊन एकेका घरी गेले. दाराबाहेर उभे राहून नवऱ्याला हात जोडून सांगत की चिठ्ठी पैशाची नव्हती, माझ्या अभ्यासाची होती, तुमच्या बायकोला एक पै मिळालेली नाही. काहींनी ऐकलं. एकानं विचारलं, मग काल काहून नाही सांगतलं, आता मारून झाल्यावर सांगून राह्यला. एकानं सरांच्या कानाखाली वाजवली. चष्म्याची एक काच फुटली. ते एकाच काचेच्या चष्म्यानं उरलेली घरं फिरले. सतरावीच्या घरी नवरा शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाला, बरं. तिला त्यानं चिठ्ठीच्या संध्याकाळीच मारून घेतलं होतं, आणि घरातलं सगळं, धान्याच्या मडक्यांसकट, उलटंपालटं करून बघितलं होतं. काही सापडलं नव्हतं. पैसे घरात नव्हतेच.

मला वाटलं होतं, आता कोणी आमच्याशी बोलणार नाही. उलट झालं. बायका आपणहून नळावर येऊन उत्तरं द्यायला लागल्या. मार खाऊनच झाला होता, मग बोलायला काय जातं, असं असेल. सतरावीनं सरकीच्या ढिगामागं बसून पंधराच्या पंधरा प्रश्नांची उत्तरं दिली. एका आठवड्याला किती मागं टाकता? दोन रुपये, भिशीत. कशासाठी? भावाकडे जायला. चौदावा प्रश्न होता, या बचतीबद्दल घरात कोणाला माहीत आहे? कोणालाच नाही.

हे मी लिहायला नको होतं. पण पूर्ण भरलेल्या प्रश्नावलीचा मला अभिमान वाटायचा. मी सगळं लिहिलं, खाली रेघ मारली आणि कागद व्हरांड्यातल्या टेबलावर बाकीच्या कागदांत ठेवला.

दोन दिवसांनी दुपारच्या सुट्टीत तिचा नवरा व्हरांड्यात आला. कोणी कागदांचं काही बोललं असेल, किंवा तिला माझ्याबरोबर सरकीच्या ढिगामागं जाताना बघितलं असेल. सर भाकरी खात होते. मी खाली बसून चाळिसाव्या बाईचा कागद साफ लिहीत होते.

‘‘माह्या बायकोनं काय लिवून देल्लं?’’ त्यानं विचारलं.

सर म्हणाले की कागदावर नाव नसतं, कोणाचा कोणता ते सांगता येत नाही. त्यानं खांद्यावरचा हूक काढला. गाठीत रुतवतात तसा तो टेबलाच्या फळीत रुतवला, सरांच्या हातापासून चार बोटांवर. मग उपसून वर धरला. सर हलले नाहीत, पण त्यांचा घास तोंडातच राहिला होता. मी हुकाच्या टोकाकडं बघितलं. त्याला रुईचा पुंजका चिकटलेला होता.

मी म्हटलं, ‘‘सतरा.’’

त्याला अक्षरं येत नव्हती. आकडे येत होते, गाठींवर आकडे असतात. त्यानं कागद चाळले, सतरा आकडा असलेला काढला आणि माझ्या मांडीवर टाकला.

‘‘वाच.’’

मी वाचायला लागले.  मी म्हटलं, पहिला प्रश्न, घरात माणसं किती. तीन. दुसरा, कमावणारे किती. दोन. ते खरंच वाचलं. मग पाचव्या प्रश्नापासून खोटं. मागं काही टाकता का? नाही. कुठं ठेवता? काही नाही. भिशी माहीत आहे का? नाही. सरांनी मला शिकवलं होतं, बाई बोलली तसंच. मी तिच्या प्रत्येक उत्तरावर बोट ठेवून दुसरंच वाचत होते आणि मनात दहा आकडे मोजायचे ते माझ्या हातून राहून गेले, म्हणून फार भरभर वाचत होते.

त्यानं हूक कागदाच्या मधोमध ठेवला. टोकाखाली आकडा होता.

‘‘हा दोन कायचा?’’

 दोन रुपये, आठवड्याला. कमावणारी दोन माणसं तर मघाशीच वाचून झाली होती.

‘‘दोन वेळा,’’ मी म्हटलं. ‘‘दिवसातून चूल दोन वेळा पेटते का, असा प्रश्न आहे.’’

त्यानं सरांकडं बघितलं. सरांनी घास गिळला. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. सगळं त्यांच्या हातात होतं आणि खोटी नोंद म्हणजे काय पाप, ते त्यांनीच मला शिकवलं होतं.

‘‘बरोबर आहे,’’ सर म्हणाले. ‘‘राहणीमानाचा प्रश्न आहे. सगळ्यांनाच विचारला.’’

 मग त्यानं हूक उलटा धरला आणि लाकडी मुठीनं माझ्या डाव्या मनगटावर मारलं, एकदाच, खिळा ठोकावा तसं. ‘‘हे पारावर माह्यं नाव घेतलं त्याचं,’’ असं म्हणून तो पायऱ्या उतरला.

हाड मोडलं होतं. वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं कामट्या लावून बांधलं, ते वाकडंच जुळलं. भाऊजींना कळलं तेव्हा ते पाना घेऊन प्रेसवर गेले आणि त्यांनी त्या माणसाला चार जणांनी ओढेपर्यंत मारलं. माझ्यासाठी कोणी असं भांडलं नव्हतं कधी. मी कृतज्ञ होते, खरंच. त्याच रात्री डाळीत मीठ जास्त झालं म्हणून त्यांनी ताईला पट्ट्यानं मारलं.

प्रेसवरचा मार त्यानं घरी जाऊन सतरावीवर काढला. ती दुसऱ्या दिवशी रेच्यावर आली तेव्हा मान वळवता येत नव्हती. रविवारी दुपारी मावशी आमच्या दारात आली. तिनं माझ्या कामट्या बघितल्या.

‘‘उजवा हात चालते ना?’’

मी हो म्हटलं. तिनं मला घरी नेलं, दार लोटलं. भिशीतल्या बायका बसल्या होत्या. सतरावी नव्हती. ज्यांना पैसे मिळायचे राहिले होते अशा, तिला धरून, बारा होत्या, म्हणजे बारा चिठ्ठ्या. मावशीनं कागदाचे बारा तुकडे माझ्यापुढं ठेवले आणि सगळ्यांवर एकच नाव लिही म्हणून सांगितलं. त्यांच्यातली एक भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिच्या पोराच्या औषधाला पैसे हवे होते. पण ती नाही म्हणाली नाही.

मला लिहवेना. मी म्हटलं, ‘‘मावशी, हा पक्षपात होईल.’’

‘‘तुया चिठ्ठ्याइत पक्षपात नव्हता ना?’’ मावशी म्हणाली. ‘‘पाह्यलं ना मंग काय झालं.’’

मी बारा वेळा सतरावीचं नाव लिहिलं. नवऱ्याचं घातलं नाही. वंदना झाली, चिठ्ठ्या लोट्यात गेल्या, तेवढ्यात सतरावी येऊन मागं बसली. तिला काही सांगितलेलं नव्हतं. एका लहान पोरीनं हात घालून चिठ्ठी काढली आणि मी वाचली. सतरावीनं पुढं येऊन पैसे न मोजताच कमरेला खोचले.  मावशीनं लोटा उपडा करून उरलेल्या चिठ्ठ्या चुलीत टाकल्या.

सोमवारी नवरा प्रेसवर गेल्यावर ती आणि मुलगी यवतमाळच्या एस.टी.त बसल्या. केळापूरसाठी पुढं पांढरकवड्याची गाडी मिळणार होती. मी स्टँडपर्यंत गेले होते. मुलगी खिडकीत होती, सतरावी आतल्या बाजूला, पदर फाटक्या कानावरून ओढून. गाडी सुरू होईपर्यंत तिची नजर रस्त्यावरून हलली नाही.  

तिच्या नवऱ्यानं मावशीच्या घरात शिरून फळी पाडली, तसबिरीची काच फोडली आणि लोट्याला हुकानं भोकं पाडली. मावशीच्या दोन बरगड्या मोडल्या. सतरावी कुठं गेली ते तिनं सांगितलं नाही. पुढच्या रविवारी भिशीची चिठ्ठी मातीच्या गाडग्यातून निघाली, मी तिथं होते.

सरांचा हंगाम संपला. जाण्याआधी त्यांनी सतरा नंबरचा कागद काढून माझ्यापुढं ठेवला आणि विचारलं की याचं काय करावं. चाळीस निवडल्या असतील तर चाळिसांचं सांगावं लागतं, एक गाळली तर का गाळली ते लिहावं लागतं. छापलेलं पुस्तक कुठं जाईल, कोण कोणाला वाचून दाखवेल, काय सांगावं. मी म्हटलं, आपण विचारायला गेलो तेव्हा ती गाव सोडून गेली होती, असं लिहा. त्यांनी खूप वेळ पेन्सिल फिरवली. मग तो कागद त्यांनी आपल्या हातानं फाडून मला दिला, आणि मी तो जिनिंगच्या बॉयलरच्या भट्टीत टाकला.

पुढच्या कापसाच्या हंगामात पांढरकवड्याकडून आलेल्या मावशीच्या एका भाच्यानं सांगितलं की केळापूरला फाटक्या कानाची एक बाई दिसली, बरोबर पाटी-दप्तर घेतलेली पोरगी होती. त्यानं आणखी काही विचारलं नव्हतं, आणि ते बरंच झालं.

त्यानंतर केव्हातरी सरांचं पत्र आलं. प्रबंध टाइप होत होता. सुरुवातीला त्यांनी ‘एका मदतनीस ताईंचे’ आभार मानले होते, नाव मीच घालू नका म्हटलं होतं. पत्रात एक तळटीप उतरवून पाठवली होती: चाळीसपैकी एक बाई गाव सोडून गेल्यामुळे तिची माहिती मिळू शकली नाही. हे बरोबर आहे का, ते कळवा, असं खाली लिहिलं होतं.

मी पोस्टकार्ड घेतलं. वाकड्या मनगटानं ते दाबून धरलं आणि लिहिलं, तळटीप बरोबर आहे. मग पत्ता लिहिण्याआधी मान वर करून बघितलं, जवळ तिसरं कोणी बसलेलं नाही ना.